बाहेरची चिठ्ठी चालत नाही

‘बाहेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही, आधी केसपेपर काढा.’ एवढी एक ओळ सरकारी दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीशेजारी लिहिलेली असती, तर माझा पहिला हेलपाटा वाचला असता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी लेथवर काम करतो. एक हेलपाटा म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा.

आईला बीपी आणि शुगर दोन्ही आहे. राजारामपुरीतल्या डॉक्टरांचं औषध गेली सहा वर्षं चालू आहे आणि त्याचा गुणही आहे. पण महिन्याच्या गोळ्या 900 रुपयांच्या घरात जायला लागल्या, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, सरकारी दवाखान्यात ह्याच गोळ्या फुकट मिळतात की. खरंच मिळतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत.

पहिल्यांदा सोमवारी गेलो. (सोमवारी जाऊ नका. रविवारची सगळी गर्दी त्या दिवशी येते.) चिठ्ठी हातात घेऊन तासभर औषधाच्या रांगेत थांबलो आणि खिडकीवर ते वाक्य ऐकलं. दुसऱ्यांदा केसपेपर काढून डॉक्टर मॅडमसमोर बसलो, तर त्या म्हणाल्या, पेशंटला बघितल्याशिवाय कसं लिहून देऊ? त्यांचं बरोबरच होतं. आईला न्यायला हवं हे मला आधीच सुचायला पाहिजे होतं.

तिसरा दिवस मात्र अजून डोक्यातून जात नाही. आईला घेऊन साडेनऊला पोचलो. बीपी मोजला, शुगर तपासली, नंबर आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. बाहेर रांग दाराबाहेर गेलेली. मॅडमनी घाईत चिठ्ठीवरची नावं जशीच्या तशी केसपेपरवर उतरवली. आम्ही पुन्हा खिडकीच्या रांगेत. खिडकीतल्या साहेबांनी कागद बघितला आणि परत सरकवला. “ह्या नावाच्या गोळ्या नाहीत आपल्याकडं.”

माझ्या पिशवीत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. ती दाखवली. बीपीच्या गोळीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: टेल्मिसार्टन 40, अॅम्लोडिपिन 5. कंपनीचं नाव एक, आत औषधं दोन. साहेब म्हणाले, “दोन्ही आहेत, पण वेगवेगळ्या गोळ्या. तसं लिहून आणा.” औषध आहे, माणूस समोर आहे, आई खांबाला टेकून उभी आहे, आणि तरी ते मिळत नाही! मी म्हटलं, साहेब, तुम्हीच लिहा की. ते म्हणाले, लिहायचा अधिकार डॉक्टरांचा. आता वाटतं, नियम म्हणून ते चुकत नव्हते. पण आत जाऊन मॅडमना एक शब्द विचारायला त्यांना दोन मिनिटं लागली असती. मी पळत ओपीडीकडं गेलो तर दार बंद. मावशी फरशी पुसत होत्या. “उद्या या,” म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे बाळ, आपण विकतच घेऊ.” त्या वाक्यानंच मी पेटलो. चौथ्यांदा जायचं तिथंच ठरलं.

म्हणून सांगतो, जुनी पाकिटं फेकू नका. सरकारी दवाखान्यात कंपनीच्या नावानं नाही, आतल्या औषधाच्या नावानं गोळ्या मिळतात. ते नाव पाकिटावरून एका कागदावर मोठ्या अक्षरात उतरवा, शेजारी किती मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा तेही लिहा, आणि डॉक्टरांसमोर ठेवा.

चौथ्या दिवशी मी तसाच कागद नेला. पुन्हा पेशंट विचारतील म्हणून आईलाही नेलं. टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलची अॅटोर्व्हास्टॅटिन, सगळं भराभर लिहून झालं. शुगरच्या गोळीतही दोन औषधं एकत्र होती, त्यातली टेनेलिग्लिप्टिन तेवढी तिथं नव्हती. 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे, पण यादीत असणं वेगळं आणि खिडकीत असणं वेगळं. मॅडमनी तिच्याऐवजी ग्लिमेपिराइड लिहिली. तेवढ्यात आई म्हणाली, “मॅडम, शुक्रवारी माझा अंबाबाईचा उपवास असतो. दिवसभर काही खात नाही.” मॅडमचा पेन थांबला. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी ती ओळ खोडली, नेहमीची टेनेलिग्लिप्टिन बाहेरून घ्या म्हणाल्या, आणि उपवासाचं राजारामपुरीच्या डॉक्टरांनाही सांगायला लावलं. सहा वर्षांत ते आम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतं. गोळी बदलली जात असेल तर उपवास, जेवणाच्या वेळा, जुने रिपोर्ट, सगळं तोंडानं सांगा. मला आईचा फार अभिमान वाटला.

त्या दिवशी खिडकीतून 30 दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. घरी आल्यावर आधी प्रत्येक पाकिटावर ‘सकाळी’, ‘रात्री’ असं लिहिलं. दर महिन्याला कंपनी बदलते, गोळीचा रंग-आकार बदलतो, आणि आई रंगावरून गोळी ओळखते. राजारामपुरीच्या डॉक्टरांना नवीन केसपेपर दाखवला. एकाच्या दोन गोळ्या झाल्या तरी औषध तेच आहे, चालू ठेवा म्हणाले.

आता मी बुधवारी जातो, साडेआठलाच. तासाभरात मोकळा होतो. टेनेलिग्लिप्टिन जनऔषधी केंद्रातून आणतो, आधीच्या निम्म्याहून कमी पैशांत. तरी दर महिन्याला खिडकीत विचारतोच, आली का म्हणून.