माळ घातल्याला तिसरा दिवस

"पुरुष, वय अंदाजे ४०, अंगात आले आहे, गावकऱ्यांनी देवळात बांधून ठेवले आहे." कंट्रोल रूमकडून एवढाच निरोप आला. रात्रीचे सव्वानऊ वाजले होते.

मी १०८ वर सात वर्षं डॉक्टर आहे. असा कॉल आला की आम्ही इंजेक्शन भरून धावत सुटतो, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात सायरन वेशीवरच बंद होतो. आमचे पायलट दादा (१०८ च्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात) गाडी तोंड फिरवून लावतात, आणि मी गळ्यातला स्टेथोस्कोप आणि ओढणी काढून ठेवते. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते धरतो.

सभामंडपात खांबाला त्याला बैलाच्या कासऱ्याने बांधलं होतं. कपाळभर अंगारा, पायाशी कापलेलं लिंबू, आणि वीतभर अंतरावर पेटती समई. ती समई बघून माझ्या पोटात गोळा आला. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले, त्यांना पळताच आलं नव्हतं. मी आधी समई उचलायला लावली, मग मोबाइल खाली करायला. पन्नासेक माणसं होती आणि त्यातली निम्मी शूटिंग करत होती. बाकी कशाहीपेक्षा मला याची चीड येते. तो माणूस बरा होऊन याच गावात राहणार असतो, आणि तो व्हिडिओही.

"मॅडम, सोडू नका, दहा माणसांची ताकद आलीया," एक जण म्हणाला. देवऋषी संध्याकाळीच बघून गेला होता. त्याच्या मते बाहेरचं होतं, अमावास्येपर्यंत उतरणार नव्हतं.

मी त्याच्यासमोर हाताच्या टप्प्याबाहेर फरशीवर बसले. माझं नाव सांगितलं, त्याचं विचारलं. कुठे आहात, असं विचारल्यावर म्हणाला, "ट्रॅक्टरखाली. नट निघंना." बांधलेल्या हाताची बोटं खरंच नट फिरवत होती. मग ती सदऱ्यावरून काहीतरी वेचायला लागली. "आये, मुंग्या झाड की गं." एकही मुंगी नव्हती. घाम इतका की अंगारा ओघळून भुवयांत उतरला होता.

मुंग्या म्हटल्यावर मी थबकले. मनाच्या आजारात बहुधा आवाज ऐकू येतात. नसलेले किडे दिसायला लागले, आपण कुठे आहोत हे कळेनासं झालं, घटकेत बरा घटकेत भ्रमिष्ट असं चाललं, की आधी शरीरात बिघाड शोधायचा: साखर, डोक्याचा मार, मेंदूज्वर, विष, दारू. नाडी १३४, ताप १०१, साखर ९२.

"दारू पितात का?"

"न्हाई न्हाई! माळ घातलीय त्यानं," चार-पाच जण एकदम बोलले. सांगताना अभिमान वाटत होता त्यांना.

तेव्हा मागून आशाताई, गावातल्या आशा स्वयंसेविका, पुढे आल्या. "मॅडम, सप्ताहाच्या काल्याला माळ घातली, रविवारी. आज बुधवार. त्याआधी रोज दोन-तीन क्वार्टर, सकाळी उठल्या उठल्यासुद्धा. सोमवारपासनं झोप नाही. काल सकाळी फिट आली तर ह्यांनी कांदा हुंगवला. मी दवाखान्यात न्या म्हणत होते."

सगळं निदान त्या चार वाक्यांत होतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की आधी थरथर, मग कधी फिट, आणि दोन ते चार दिवसांत हा भ्रम. उपचार नाही मिळाले तर माणूस दगावू शकतो. आशाताई दिवसभर हेच सांगत होत्या. त्यांचं कोणी ऐकलं नाही, कारण देवऋषी पुरुष आहे आणि या रोज घरोघर फिरणाऱ्या बाई.

दोर मी सोडला नाही. आशाताई त्याच्याशी बोलत राहिल्या, त्याच्या खोंडाबद्दल, लेकीच्या शाळेबद्दल, आणि तसंच बोलत बोलत एकेक गाठ सोडवत गेल्या. डावा पंजा गार पडून निळसर झाला होता. पायलट दादांनी कात्री काढली तर आई म्हणाली, "कापू नका, बैलाचा कासरा हाय." तिथे मला ते वाक्य कठोर वाटलं. नंतर लक्षात आलं, उद्या औत धरायचंच होतं की तिला.

गाडीत तो चालत आला. वेस ओलांडली आणि त्याने मागच्या दाराची कडी धरली. चालत्या गाडीतून उडी मारणार होता. दादांनी ब्रेक मारला आणि मी त्याची दोन्ही मनगटं क्रेप बँडेजने स्ट्रेचरला बांधली. कंट्रोल रूमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून डायझेपाम हे शांत करणारं औषध शिरेतून अगदी हळू दिलं, श्वासावर डोळा ठेवून, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मांडीवर घेऊन. पट्टीखाली दोन बोटं जातील एवढी ढील होती, दर दहा मिनिटांनी पंजा बघत होते, डोळे मिटल्यावर लगेच सोडली. समोर बसलेल्या आईला मात्र एवढंच दिसलं असणार की देवळात गावाने बांधला आणि गाडीत डॉक्टरीणबाईने. तिच्याकडे मला बघवलं नाही.

पहिल्या रुग्णालयात दारातच उत्तर मिळालं: "मेंटल केस आहे, मनोरुग्णालयात न्या." अख्ख्या राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. आणि अशा भ्रमात ज्याला १०१ ताप आहे त्याला आयसीयू लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, हे मी तिथे उभं राहून सांगितलं. 'मेंटल' हा शब्द एकदा कागदावर पडला की पुढचं कोणी वाचत नाही.

तिथेच फाटकाशी आशाताईंचा फोन आला. "मॅडम, रविवारी सात जणांनी माळ घातली. बाकीच्या सहांचं काय?"

मला हे सुचलंच नव्हतं. थरथर, झोप नाही, घाम, उलट्या, यातलं काही असेल तर आत्ताच्या आत्ता दवाखाना, असं सांगितलं. आशाताई आपल्या नवऱ्याला घेऊन टॉर्चच्या उजेडात सहाही घरं फिरल्या. एकाच्या हातातून पाण्याचा पेला निसटत होता. त्याला त्याच रात्री जीपमधून ग्रामीण रुग्णालयात नेलं.

आमच्या पेशंटला दुसऱ्या रुग्णालयाने घेतलं. तिथल्या सिस्टरने ग्लुकोज लावण्याआधी स्वतःहून थायमिनची (दारू पिणाऱ्यांत कमी पडणारं बी-१ जीवनसत्त्व) व्हायल काढली, तेव्हा मला हायसं वाटलं. अकराव्या दिवशी तो घरी गेला.

माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. पिऊन पडलेल्या कितीतरी माणसांना मी याच गाडीत रागावलेय: "आजपासून बंद, एकदम बंद." अगदी पोटतिडकीने सांगितलंय. त्यांच्यापैकी कोणी माझं ऐकलं असेल, तर तिसऱ्या दिवशी त्याच्याजवळ कोण होतं, मला माहीत नाही. आता मी विचारते, सकाळी हात थरथरतात का? हो म्हणाला तर म्हणते, सोडायचीच, पण दवाखान्यात येऊन. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहून घरच्या बाईच्या हातात देते.

गेल्या आठवड्यात आशाताई भेटल्या. महाराजांशी त्या बोलल्या आहेत. पुढच्या सप्ताहात माळ घालायची असेल त्याने पंधरा दिवस आधी नाव द्यायचं आणि एकदा तपासून यायचं, हे त्यांनी मान्य केलंय. वही आशाताईंकडे आहे. तिच्यात आत्ताच तीन नावं आहेत.