वाट दिसत होती, तरी गाइड घेतला

फ्रान्समधल्या शामोनीची व्हाले ब्लांश म्हणजे आल्प्समधल्या सगळ्यात नावाजलेल्या ऑफ-पिस्त, म्हणजे आखलेल्या स्की-वाटांबाहेरच्या, मार्गांपैकी एक. एग्वी द्यू मिदीच्या केबल कारनं वर जायचं, ३,८४२ मीटरच्या त्या सुळक्यावरून हिमनदीवर उतरायचं आणि सुमारे २० किलोमीटर स्की करत खाली यायचं. खालपर्यंत बर्फ असेल तर थेट शामोनी गावात, १,०३५ मीटरवर. नेहमीच्या वाटेचा उतार फार तीव्र नाही. हवा चांगली असली की इतकी माणसं जातात की दुपारपर्यंत बर्फावर स्कीचे माग पडून हमरस्ता झालेला असतो. गाइड घेतलाच पाहिजे असा फ्रान्समध्ये कायदाही नाही. मग चार-पाचशे युरो कशासाठी मोजायचे, यावर आमच्याकडे कितीतरी संध्याकाळी वाद झाले.

आम्ही चौघं होतो. मी आणि माझा नवरा जिनिव्हात राहतो, तिथून शामोनी गाडीनं सव्वा तासावर. माझी कॉलेजची मैत्रीण आणि तिचा भाऊ म्युनिकहून येणार होते. चौघंही लाल, म्हणजे मध्यम अवघड पिस्तवर (आखलेल्या स्की-वाटेवर) निवांत, सगळ्यात अवघड काळ्यावर जपून. नवरा स्की शिकला गुलमर्गला, आणि तिथल्या अफरवट डोंगरावर त्यानं ऑफ-पिस्तही केलेलं. त्याचा मुद्दा साधा होता. "आपण हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला बेलपाड्यातून वाटाड्या घेतो तो कशाला? वाट सापडावी म्हणून. इथं वाट समोर दिसतेय. मग?"

मी नाशिकची, माझी सुट्टी म्हणजे सह्याद्री. त्यामुळे हा मुद्दा मलाही पटत होता. खटकत होतं ते एवढंच, की अफरवटवर हिमनदी नाही. तिथं भीती हिमस्खलनाची, आणि ती मोठी आहेच. पण हिमनदीवर त्याच्या जोडीला पायाखाली क्रिव्हास असतात, बर्फातल्या खोल भेगा. हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फाचे पूल धरतात आणि वरून सगळं सपाट पांढरं दिसतं. त्यातून हिमनदी सरकत असते. काही भागांत वर्षाला शंभर मीटरच्या आसपास. मागच्या वर्षीचा जीपीएस ट्रॅक डाउनलोड करून निघालात, तर त्याच्याखाली आता काय आहे ते तो ट्रॅक सांगत नाही.

निर्णय लागला तो माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. तो लहानपणापासून डोंगरात वाढलेला, गाइडशिवायच जाणारा. गाइड घ्या असं तो म्हणालाच नाही. त्यानं एवढंच विचारलं, की तुमच्यातला एक जण भेगेत पडला तर उरलेले तिघं त्याला बाहेर काढू शकाल का? आणि पुढे समजावून सांगितलं. चढताना गिर्यारोहक एकमेकांना दोरानं बांधलेले असतात, पण स्की करत उतरताना सहसा कुणी बांधलेलं नसतं, कारण दोर लावून स्की करणं फार अवघड. म्हणजे पडणारा मोकळाच पडतो. वरच्यांनी बर्फात अँकर, म्हणजे दोर बांधायचा पक्का आधार, करायचा, दोर खाली सोडायचा, पडलेल्यानं तो हार्नेसला, म्हणजे कंबरेच्या पट्ट्याला, अडकवायचा, मग पुलीची यंत्रणा लावून ओढायचं. तो बेशुद्ध असेल, तर वरच्यांपैकी कुणीतरी खाली उतरायचं.

आम्ही ते करून पाहिलं. क्लायम्बिंगचं सामान होतंच: दोर, दोन पुली, प्रुसिक (दोरावर घट्ट बसणारे बारीक दोरीचे फास), कॅराबिनर (उघडझाप करणाऱ्या धातूच्या कड्या). एका रविवारी घराजवळच्या रानात मातीचा उभा काठ शोधला. मैत्रिणीच्या भावाला हार्नेस घालून खाली उतरवलं आणि त्याला सांगितलं, की तू काहीही मदत करायची नाहीस. झाडाचा आयता अँकर होता, ऊन पडलेलं होतं, हातमोजे नव्हते, घाई नव्हती. तरी पहिल्यांदा पुलीच उलटी लागली. ती सुधारली तर दोर काठाच्या मातीत रुतून बसला आणि तिघांनी जोर लावूनही माणूस वीतभर हलेना. शेवटी काठावर सॅक आडवी टाकली, तिच्यावरून दोर घेतला, तेव्हा तो सरकायला लागला. तो वर येईपर्यंत पाऊण तास गेला होता. सहकाऱ्यानं नंतर सांगितलं, की भेगेच्या ओठावर दोर मऊ बर्फात याहून खोल रुततो, आणि झाड तर नसतंच. नवऱ्यानं त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडला आणि गाइड शोधायला लागला.

शोधताना एक गोष्ट कळली ती भारतातून येणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावी. स्की शिकवणारा प्रशिक्षक आणि पर्वतीय गाइड हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. फ्रान्समध्ये स्की प्रशिक्षक तुम्हाला ऑफ-पिस्त नेऊ शकतो, पण जिथं गिर्यारोहणाचं तंत्र लागतं अशा हिमनदीवर नेण्याचा अधिकार त्याला नाही. तिथं गाइडच हवा, आणि त्याच्याकडे यूआयएजीएमचा, म्हणजे पर्वतीय गाइडांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, गोल बिल्ला हवा. इंग्रजीत त्याच संघटनेला आयएफएमजीए म्हणतात. शामोनीत या व्यवसायाची मुळं जुनी आहेत. १८२० मध्ये माँ ब्लांवर हिमस्खलनात तीन गाइड गेले आणि पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, तिथल्या गाइडांनी आपली कंपनी स्थापन केली. ती आजही चालू आहे. स्वतंत्र काम करणारे गाइडही भरपूर आहेत. आम्ही त्यांच्यातला एक घेतला.

बुकिंगचे दोन प्रकार. अनोळखी लोकांच्या गटात जागा घेतली तर माणशी कमी पडतं, पण गटाचा वेग सगळ्यात हळू माणसाचा. आपल्याच गटासाठी पूर्ण दिवसाचा गाइड घेतला तर खर्च वाटून घेता येतो. चौघांत आमचा हिशेब माणशी शंभरच्या थोडा वर गेला. केबल कारचं तिकीट आणि सामानाचं भाडं वेगळं. माझं मत विचाराल तर तीन-चार जण जमवून स्वतंत्र गाइडच घ्यावा, प्रश्न विचारायला मोकळीक मिळते. विम्याची पॉलिसीही आधी वाचा. आमच्यात ऑफ-पिस्त चालत होतं, पण पात्र गाइड सोबत असेल तरच. हे कलम चौथ्या पानावर बारीक अक्षरांत होतं.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी गाइडचा फोन आला. उद्या नाही. दोन दिवस वारा आहे, वर नवा बर्फ उडून साचलाय, त्यानं भेगा झाकल्यात आणि उतारांवर थर कच्चा आहे. हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरी जाहीर झाली होती. खिडकीतून आम्हाला चांदणं दिसत होतं. मैत्रिणीची परतीची गाडी रविवारची. गाइड नसता तर आम्ही दुसऱ्या दिवशी नक्की गेलो असतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इतक्या लांबून आलेल्या, सुट्टी टाकलेल्या चार माणसांत नको म्हणणारा कुणी निघत नाही. त्या फोनचेच पैसे मी सगळ्यात आनंदानं दिले.

मैत्रिणीनं सुट्टी वाढवली आणि आम्ही सोमवारी गेलो. खालीच गाइडनं प्रत्येकाला समोरून चालवत ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र) तपासला, सॅकमधलं फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) बाहेर काढून जोडायला लावला. मग हार्नेस. माझ्या हार्नेसच्या पुढच्या लूपमध्ये त्यानं एक स्लिंग अडकवली, ती छातीवरून वर आणली आणि तिच्या टोकाचा कॅराबिनर सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला लावला. कशाला, ते विचारलं. भेगेत माणूस अडकला की छातीखालचं काही हाताला लागत नाही. खांद्याजवळ कॅराबिनर असेल तर वरून उतरलेल्याला दोर लगेच अडकवता येतो. बाजूला एक आइस स्क्रू, म्हणजे बर्फात फिरवून बसवायचा पोकळ स्क्रू, तोही दिला, आत अडकलोच तर भिंतीला स्वतःला बांधून घ्यायला. आमच्या रानातल्या तालमीत यातलं काहीच नव्हतं.

केबल कार वीसेक मिनिटांत वर नेते. हवा विरळ, डोकं जड. बर्फाच्या बोगद्यातून बाहेर पडलं की ती प्रसिद्ध धार. स्की सॅकला, बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी काटे, डाव्या हाताला थेट शामोनीचं खोरं. हिवाळ्यात तिथं आधाराचे दोर लावतात, पण समोरून वर येणारी माणसं, घसरणारे बूट आणि वारा यात ते पुरेसे वाटत नाहीत. गाइडनं आम्हा चौघांना एका दोरात घेतलं आणि स्वतः सगळ्यात मागे, वर राहिला. कुणी घसरलं तर भार त्याच्यावर यावा म्हणून. सह्याद्रीतले निसरडे ट्रॅव्हर्स केलेल्यांना ही धार जड जाणार नाही, फक्त खाली बघत रेंगाळू नये.

पुढचे काही तास मी स्की कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होते. जिथं दहा-बारा माग गेलेले तिथूनही एकदा तो गेला नाही. आम्हाला थांबवलं, काठीनं बर्फ दाखवला. एक लांब, जेमतेम बोटभर खोल अशी खोलगट रेघ, बाजूच्या बर्फापेक्षा किंचित करडी. पूल खाली बसायला लागलाय, तो म्हणाला. आधीचे सकाळच्या गारठ्यात गेले, आता ऊन लागतंय. आम्ही तीस-चाळीस मीटर वरून गेलो, भेगेला काटकोनात, एकामागे एक अंतर ठेवून आणि न थांबता. माझ्या आधी तिथून दहा माणसं गेली होती, आणि मी डोळे मिटून अकरावी झाले असते.

दोन नियम त्यानं पुन्हापुन्हा सांगितले. मी थांबेन तिथंच आणि माझ्या वरच्या बाजूला थांबायचं. आणि काही झालं तरी स्की काढायच्या नाहीत. फोटोसाठी नाही, जेवायला नाही, लघवीला तर मुळीच नाही. लांब स्कीवर वजन पसरतं, बुटावर एका जागी येतं. जेआँच्या सेराकपाशी, जिथं हिमनदी फुटून घराएवढे निळे ढेकूळ उभे राहतात, तिथं तो न बोलता भराभर पुढे गेला आणि आम्हीही. त्याच्या खाली सपाटीवर सगळे जेवायला थांबतात. त्या जागेचं नावच जेवणघर. तिथं आम्ही मेथीचे पराठे काढले, गाइडनंही खाल्ले.

खाली मेर द ग्लास, फ्रान्समधली सगळ्यात लांब हिमनदी. गावापर्यंत बर्फ नव्हता, म्हणून गोंडोलानं मोंतान्वेर स्टेशनला आणि तिथून दातेरी रुळांच्या गाडीनं खाली आलो. हिमनदी इतकी खचत, मागे जात चालली आहे की जुन्या गोंडोलापासून बर्फापर्यंत शेकडो पायऱ्या झाल्या होत्या. २०२४ मध्ये नवी गोंडोला वरच्या अंगाला बांधली. कड्यावर अमुक सालात बर्फ इथपर्यंत होता अशा पाट्या आहेत. १९९० ची पाटी आमच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. ते बघून कुणी बोललं नाही.

गाइड प्रत्येकालाच हवा असं मी म्हणणार नाही. माझा सहकारी आणि त्याचे मित्र भेगेतून माणूस काढण्याचा सराव दर हिवाळ्यात करतात, बर्फाची बुलेटिन रोज वाचतात आणि अर्ध्या वेळा परत फिरतात. त्यांना गरज नाही. पण उत्तम स्की येते म्हणून गाइड नको, हे कारण मला आता मान्य नाही. उलट हिमनदीवर स्कीचं कौशल्य सगळ्यात शेवटी येतं. पिस्तवर पक्के नसाल तर मात्र गाइड घेऊनही जाऊ नका, वीस किलोमीटर मांड्या भरून येतात आणि दमलेला माणूस नको तिथं पडतो.

आम्ही चौघांनी पुढच्या हिवाळ्यासाठी दोन दिवसांच्या क्रिव्हास रेस्क्यू कोर्सला नाव घातलंय. त्यानंतरही पहिल्या खेपेला याच गाइडला घेणार आहोत. तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारीतल्या फ्रेंच शाळांच्या सुट्ट्या टाळा, तेव्हा गाइडही मिळत नाहीत आणि केबल कारची रांगही सरत नाही. डिसेंबरात पूल पुरते धरलेले नसतात. मार्च त्यातल्या त्यात बरा, आणि ठरलेल्या तारखेच्या पुढे एक-दोन दिवस राखून ठेवा, म्हणजे गाइड नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालावासा वाटणार नाही.