‘जळका’ शेरा असलेला कागद

नोंदणीच्या टेबलावर त्या दिवशी चीनच्या शाआन्शी प्रांतातल्या कागदी कातरकामाची जुनी फाइल आली. वर खिडकीला लावायची लाल फुलं, आणि सगळ्यात खाली एक काळपट कागद. यादीत त्याच्यापुढे ‘जळका, काढून टाकावा’ असा शेरा. भिंगाखाली धरला तर कडा शाबूत, करपल्याची खूण कुठेच नाही. काळेपणा एकाच बाजूला, आणि मधोमध पांढरी आकृती: सशाला वेटोळं घातलेला साप. फाइलमधली खरी दुर्मीळ वस्तू हीच!

हा धुराने उतरवलेला नमुना. खेड्यातल्या बायका एकमेकींचं कातरकाम असंच उतरवून घेत. फळीवर पांढरा कागद ओला करून पसरायचा, त्यावर मूळ कातरकाम पाण्याने चिकटवायचं, फळी पालथी करून दिव्याच्या धुरावर फिरवायची. झाकलेली जागा पांढरी राहते, बाकी सगळीकडे काजळी धरते. ज्योत फार जवळ गेली तर कातरकाम वाळून मध्येच सुटतं आणि धूर खाली शिरतो. या सशाच्या एका कानाची कड तशीच पुसट झाली आहे. पुढे हा कागद लाल कागदांच्या थरावर टाचून सगळे एकदम कापतात, म्हणजे नमुना कापण्यातच संपतो. हा कापायचा राहून गेला म्हणून हाती लागला.

आकार इतके सुटसुटीत का, ते कापणीच्या क्रमावरून कळतं. आधी आतलं बारीक काम, बाहेरची रेषा शेवटी. उलट केलं तर धरायला कागदच उरत नाही. वळणावर कातरी नाही, कागद फिरवायचा. शिवाय जे ठेवायचं ते कुठेतरी जोडलेलं हवं. त्यामुळे लव म्हणजे करवतीचे दाते, खवले म्हणजे ओळीने चंद्रकोरी. दाते जरा खोल गेले की मान तुटलीच. ससा बाजूने दाखवलाय, तरी डोळे दोन. सशाला दोन डोळे असतात, मग दोन कापायचे, एवढा सरळ हिशेब.

साप इथे सशाला गिळायला आलेला नाही. चिनी पंचांगात प्रत्येक वर्ष एकेका प्राण्याच्या नावाचं असतं; एक सापाच्या वर्षी जन्मलेला, दुसरा सशाच्या, अशी जोडी जमली की घरात बरकत येते, असा तिकडचा समज. म्हणून हे चित्र लग्नघरात लागतं. पत्रिका जुळवणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळं समजवायला नको.

शेरा बदलला. काजळी बोट लागलं तरी सरकते, तेव्हा खोडरबर, ब्रश, पाणी सगळं वर्ज्य. पुठ्ठ्याच्या खोल चौकटीत, वरच्या झाकणाचा स्पर्श होणार नाही असा, आडवाच ठेवायचा. लाल कागद वेगळ्या पाकिटात ठेवले. दमट हवेत त्यांचा रंग शेजारच्या कागदाला लागतो.