तुम्ही विचारलंत म्हणून: खिम्याचे गोळे फ्रीझरमध्ये कच्चे ठेवायचे की शिजवून?

हा प्रश्न वर्षातून दोनदा तरी येतोच. एकदा गटारीच्या आधी, आणि एकदा डिसेंबरात, घरी वीसेक माणसं जेवायला यायची असतात तेव्हा. ‘‘गोळे आठवडाभर आधी करून ठेवले तर चालतील का? कच्चेच ठेवू की थोडे वाफवून?’’ चालतील. पूर्ण शिजवून ठेवा. कच्चेही ठेवता येतात, पण त्याला अटी आहेत. ‘थोडे वाफवून’ मात्र नको, आणि बऱ्याच घरांत नेमकं तेच केलं जातं.

अर्धवट शिजवण्यात अडचण अशी. मटणाच्या अख्ख्या तुकड्यावर जे जंतू असतात ते मुख्यतः बाहेरून. खिमा काढताना ती बाहेरची बाजू यंत्रातून आत-बाहेर सगळीकडे मिसळली जाते, म्हणून गोळ्याचा मधला भागही पुरता शिजायला हवा. चार मिनिटं वाफवलेला गोळा वरून पांढरट, घट्ट दिसतो, पण मध्यभागी जेमतेम कोमट झालेला असतो. त्या उबेत जंतू मरत नाहीत, उलट वाढतात. पुढे फ्रीझरमध्येही ते मरत नाहीत, नुसते थांबतात. शिवाय बाहेर काढल्यावर ‘अर्धे शिजलेलेच आहेत’ म्हणून रश्श्यात पाच मिनिटंच ठेवले जातात. दोन्ही वेळा अपुरी आच.

आता खिमा. बकऱ्याचं मटण मुळात कमी चरबीचं असतं, आणि ताज्या गोळ्यात न जाणवणारी ही उणीव गोठवलेल्या गोळ्यात लगेच कळते. गोठताना मांसातलं पाणी स्फटिक होऊन पेशी फोडतं, वितळताना त्यातलं काही पाणी निघून जातं, आणि मऊपणा टिकवायला मागे चरबीच उरते. म्हणून अर्धा किलो खिम्यामागे ५० ते ६० ग्रॅम चरबी खाटकाला त्यातच घालायला सांगा. मांस खांद्याचं घ्यावं, मांडीचा खिमा दिसायला सुरेख पण गोळ्याला कोरडा. यंत्रातून दोनदा काढून घ्यावा. चाकूने तोडलेला खिमा पावाबरोबर खायला उत्तम, गोळ्यात मात्र तो सुटत राहतो.

धुण्याचं काय, तर तुकडे धुवून, कोरडे पुसून मगच यंत्रात घालायला सांगा. घरी आणून खिमा धुतला की तो स्पंजासारखं पाणी धरतो, चाळणीत तासभर ठेवला तरी पुरतं सोडत नाही. गोळे फुटतात त्यामागे बहुतेक वेळा हेच पाणी असतं. दुसरं कारण कच्चा कांदा. बारीक चिरलेला कच्चा कांदा मीठ लागताच पाणी सोडतो, गोठल्यावर आणखी सोडतो, आणि गोळ्यात जागोजाग भोकं पडतात. दोन मध्यम कांदे उभे चिरून, तांबूस तळून, गार करून हाताने चुरडून घाला. चवही त्याचीच चांगली.

अर्धा किलो खिमा आणि वरची चरबी यांना मीठ सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे पोह्याच्या नव्हे, चहाच्या चमच्याने दीडला जरा कमी. आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं घट्ट वाटण दोन मोठे चमचे, हळद पाव चमचा, गरम मसाला एक लहान चमचा. लवंग नेहमीपेक्षा कमी घाला, कारण फ्रीझरमध्ये लवंगेचा वास दबत नाही, उलट चढतो आणि कडवटपणाकडे झुकतो. लसणाचंही थोडं तसंच. बांधणीसाठी डाळं, म्हणजे फुटाण्याची डाळ, कोरडी दळून चार मोठे चमचे. किंवा एक लादीपाव चार मोठे चमचे दुधात भिजवून, कुस्करून. दोघांचं काम एकच: शिजताना मांस जे पाणी सोडतं ते पिठूळ भाग धरून ठेवतो. पाव जास्त मऊ गोळा देतो, डाळ्याला खमंगपणा आहे. बेसन कच्चं लागतं. उकडलेला बटाटा ताज्या गोळ्यात चालेल, गोठवायच्या गोळ्यात नाही, तो नंतर रवाळ आणि पाणचट होतो. अंड्याची गरज नाही, त्याने गोळा बांधला जातो तसा ताठरही होतो.

कच्ची पपई घालायची सवय असेल तर यात ती मोडा. पपईतला पाचक रस मांसाचे धागे तोडतो आणि भरपूर उष्णता मिळेपर्यंत थांबत नाही. कच्चे गोळे ठेवले तर गोठेपर्यंत आणि पुन्हा वितळताना त्याचं काम चालूच राहतं, आणि हाती येतो तो लगदा. दोनदा काढलेल्या खिम्याला मऊ करायला आणखी कशाची जरुरीही नसते.

मळण्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात: ‘हलक्या हाताने’ आणि ‘कणकेसारखं मळा’. मीठ मांसातली प्रथिनं बाहेर काढतं, ती चिकट होतात आणि त्यांच्याच जोरावर गोळा बांधला जातो. अजिबात मळलं नाही तर गोळा रश्श्यात सुटेल, दहा मिनिटं मळलं तर चेंडू होईल. खिमा, मीठ आणि वाटण आधी दोन मिनिटं एकत्र करा, बोटांना चिकटायला लागलं की थांबा, मग कांदा आणि डाळं घालून नुसतं मिसळा. खिमा फ्रिजमधून नुकताच काढलेला, गार असावा. मे महिन्यात ओट्यावर अर्धा तास पडलेल्या खिम्याची चरबी हातालाच लागते, गोळ्यात राहत नाही. सुपारीएवढा तुकडा तव्यावर भाजून मीठ चाखून बघा आणि मगच वळायला बसा.

एवढ्या मालाचे ३० ग्रॅमचे बावीसेक गोळे होतात, लहान लिंबाएवढे. वजनकाटा असेल तर पहिले दोन मोजून घ्या, पुढे हाताला अंदाज येतो. याहून मोठे करू नयेत. मोठा गोळा मध्यापर्यंत गोठायला वेळ घेतो, आणि जितकं सावकाश गोठेल तितके बर्फाचे स्फटिक मोठे, तितका गोळा वितळल्यावर कोरडा. हात पाण्याने नव्हे, तेलाने ओले करा. वळताना चीर राहिली तर ती तिथेच मिटवा, पातेल्यात ती मिटत नाही, उघडते.

शिजवायला रुंद पातेल्यात दीड लिटर पाणी, मीठ, हळद, दोन तमालपत्रं. पाणी खळखळत असताना गोळे एकेक करून सोडा, थंड पाण्यात कधीच नाही. वरचा पदर लगेच आवळला पाहिजे. सगळे सोडून झाले की आच कमी करा. पाण्यावर बारीक बुडबुडे दिसावेत, उसळी नको, नाहीतर गोळे एकमेकांवर आपटून फुटतात. पहिली तीन मिनिटं चमचा घालू नका, पातेलं दोन्ही कानांना धरून हलवा. दहा ते बारा मिनिटं. मांसाचा तापमापक असेल तर मध्यभागी ७५ अंश आले की काम झालं, कोंबडीच्या खिम्यालाही तेवढेच पुरतात. नसेल तर सर्वांत मोठा गोळा मधोमध कापून बघा, आत गुलाबी ओलसरपणा नको आणि तो हाताला पुरेसा गरम लागला पाहिजे. ओव्हन असेल तर २०० अंशांवर अठरा-वीस मिनिटं, रंगही येतो. तळूनही करता येतात, पण तळलेले गोळे फ्रीझरमध्ये लवकर खवट होतात, त्यामुळे ते महिनाभरात संपवावेत.

उरलेलं पाणी ओतू नका. ती चांगली अळणी, म्हणजे मटणाचं पातळ सूप, असते. गाळून, अर्धी आटवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, गोळ्यांचा रस्सा करताना तीच घाला.

गोठवण्याआधी गोळे निथळून एका ताटात, एकमेकांना न टेकवता पसरा आणि पंख्याखाली वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. झाकू नका, झाकणाखालची वाफ पाणी होऊन गोळ्यावर पडते आणि त्याचंच पुढे बर्फ होतं. मग तासभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. शिजल्यापासून फ्रिजमध्ये जाईपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ जाऊ नये, उन्हाळ्यात एक तासच. नंतर ताटावर बटर पेपर पसरून, गोळे सुटे सुटे ठेवून फ्रीझरमध्ये तीन-चार तास. गोटीसारखे वाजायला लागले की झिपच्या पिशवीत भरा. ही पायरी गाळून कोमट गोळे सरळ डब्यात भरले तर आठवड्याने डब्याच्या आकाराची एक वीट निघते, आणि सहा गोळ्यांसाठी बावीस वितळवावे लागतात.

पिशवीतली हवा काढायला झिप दोन बोटं उघडी ठेवून पिशवी पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवा. पाण्याच्या दाबाने हवा वर निघून जाते, तोंडाशी आली की झिप बंद. हवा राहिली की गोळ्यातला बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडतो, आणि पृष्ठभागावर करडे-पांढरे कोरडे डाग पडतात. असे गोळे खाऊन कुणी आजारी पडत नाही, पण चव भुशासारखी. पिशवीवर तारीख आणि नग लिहा. फ्रीझरमधल्या सगळ्या पिशव्या महिन्याभराने सारख्याच दिसतात.

किती दिवस टिकतील हे तुमच्या फ्रीझरवर ठरतं, आणि इथे ताऱ्यांचा घोळ आहे. फ्रिजच्या दारावरच्या स्टिकरवरचे तारे वीजबचतीचे. फ्रीझरच्या कप्प्यावर हिमाचे तारे असतील तर ते वेगळे: एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. एक तारा असेल तर आठवडाभर, दोन असतील तर महिना, तीन असतील तर शिजवलेले गोळे तीन महिने. तारेच नसतील तर आइस्क्रीमकडे बघा. डबा काढल्याबरोबर चमचा लोण्यासारखा आत जात असेल तर तो फ्रीझर उणे १८ चा नाही. एका दाराच्या फ्रिजमधल्या छोट्या कप्प्यावर मी तरी आठवड्यापलीकडे भरवसा ठेवणार नाही. गटारीला केलेले गोळे श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र ओलांडून दसऱ्यानंतर काढायचा बेत तीन ताऱ्यांच्या फ्रीझरमध्ये बसतो, फक्त घरातल्यांना श्रावणात फ्रीझरमध्ये गोळे चालतील का, हे आधी विचारा.

कच्चे ठेवायच्या अटी आता. तव्यावर परतून खायचे चपटे कबाब असतील तरच कच्चे ठेवा, कारण त्यांना ताज्या भाजल्याची चव हवी असते आणि पातळ असल्यामुळे ते झटकन गोठतात. खिमा त्याच दिवशीचा हवा, आधी गोठवलेला नको. परदेशात बकऱ्याचं मटण बऱ्याचदा गोठवलेलंच मिळतं, ते वितळवून, खिमा करून पुन्हा कच्चं गोठवलं तर पाणी दोनदा निघून जातं. तिथे शिजवूनच ठेवा. लँबचा खिमा वापरत असाल तर वेगळी चरबी घालू नका, त्यात ती भरपूर असते. कच्चे दोन महिन्यांत संपवावेत, कारण मीठ लागलेली चरबी थंडीतही हळूहळू खवट होत राहते. फ्रीझरमध्ये ते सगळ्यांत खालच्या बाजूला, बर्फाच्या ट्रेपासून दूर.

वापरताना शिजवलेले गोळे वितळवायची गरज नाही. रस्सा उकळला की गोठलेलेच सोडा, उकळी मोडेल, पुन्हा आल्यावर मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं. रस्सा नेहमीपेक्षा जरा घट्ट ठेवा, गोळे पाणी सोडतात. कच्चे गोठलेले असतील तर नेहमीच्या दीडपट वेळ. ओट्यावर ठेवून वितळवू नका, रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. रश्श्यासकट गोठवायचे असतील तर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण चालतं. नारळाच्या दुधाचा किंवा दह्याचा रस्सा फाटतो, तो ताजाच करावा. आत उकडलेलं अंडं भरलेले नर्गिसी कोफ्ते तर गोठवूच नयेत, पांढऱ्याचं रबर होतं.

आणि वीज गेली तर? फ्रीझर गच्च भरलेला आणि बंद असेल तर साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. ‘बघू तरी’ म्हणून दार उघडायचं नाही. गावाला जाणार असाल तर वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर गोळे ठीक. तळाशी गेलं असेल तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलंय, पिशवी टाकून द्या.