तुम्ही विचारलंत म्हणून: तळं कार्बन घेतं की सोडतं?

"सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं, तळं कार्बन शोषून घेतं, असं तुम्हीच लिहिलं होतंत ना? मग आता उलटं का सांगता?" साताऱ्यात चार माणसं भेटली की त्यातलं एक हे विचारतंच. विचारणाऱ्यांत कार्बन क्रेडिटचे हिशोब मांडणारे असतात, तसे 'तळ्यातला पाला काढावा का' एवढंच हवं असणारे गावकरीही असतात. सगळ्यांना एका शब्दात उत्तर हवं. एकदा तसं देऊन बसलो, ते अजून निस्तरतोय.

तळ्यात कार्बन दोन वाटांनी येतो. एक घरचा: शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात स्वतः तयार करतात तो. दुसरा बाहेरचा: अंजनी-जांभूळ-हिरड्याचा पाचोळा, कारवीची पानं, आणि मातीतून झिरपत येणारा त्यांचा अर्क. या अर्काने पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग येतो. जिवाणू हे दोन्ही खातात, त्यासाठी ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. शेतात पिकलं नाही तरी बाहेरून पोतं आलं की घरात जेवणं होतातच, तसंच हे. म्हणून तळं स्वतः बनवतं त्याहून जास्त जाळू शकतं. परिसंस्थाशास्त्रज्ञ जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनी १,८३५ तळ्यांच्या ४,६६५ नमुन्यांचा अभ्यास १९९४मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ८७ टक्के नमुन्यांत हवेच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड जास्तच निघाला होता. हे मी वाचलेलं होतं. तरीही 'आपलं तळं वेगळं' असं लिहिलं. का, ते सांगतो.

तळं किती बनवतं आणि किती जाळतं हे मोजायची आमची पद्धत जुनी आहे, नॉर्वेच्या गार्डर आणि ग्रान यांची, १९२७ची. एकाच पाण्याच्या ३०० मिलीच्या तीन बाटल्या भरायच्या. पहिलीतला ऑक्सिजन तिथल्या तिथे मोजायचा. दुसरी पारदर्शक, तिसरी काळ्या टेपने आणि वर फॉइलने गुंडाळलेली. या दोन्ही जिथून पाणी घेतलं त्याच खोलीवर टांगायच्या. संध्याकाळी काढून मोजायच्या. पहिलीतून अंधारी वजा केली की श्वसन, पारदर्शकमधून अंधारी वजा केली की एकूण प्रकाशसंश्लेषण. ऑक्सिजनच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे साधारण ०.३७५ मिलिग्रॅम कार्बन धरायचा.

आमच्या तक्त्यात अंधाऱ्या बाटलीत पहिलीपेक्षा *जास्त* ऑक्सिजन येऊ लागला. म्हणजे श्वसन उणे. अंधारात तळं ऑक्सिजन तयार करतंय! एकदा नाही, पावसाळा ओसरल्यापासून थंडीपर्यंत बहुतेक फेऱ्यांत. टेप बदलला, फॉइलचे दोन थर केले, बुचाखाली बुडबुडा राहतो का पाहिलं. काही सापडलं नाही. मग मी जे केलं ते आजही सांगायला जड जातं: उणे आकडे 'मोजमापाची चूक' म्हणून शून्य धरले. श्वसन शून्य आणि प्रकाशसंश्लेषण धन, म्हणजे तळं कार्बन घेतं. हेच ते वाक्य, जे तुम्ही माझ्या तोंडावर फेकता.

चूक बाटलीत नव्हती, घड्याळात होती. पाणी सकाळी ७ला भरायचो. रसायनांची पेटी दुसऱ्या गाडीने १२च्या सुमारास वर यायची. तोवर पहिल्या बाटल्या काठावरच्या जीपमध्ये, उन्हात. त्यांतले जिवाणू थांबत नाहीत. अंधारी बाटली ९ तास, पण २१ अंशांच्या पाण्यात. पहिली ५ तास, पण ३२ अंशांच्या गाडीत. तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसन साधारण दुप्पट होतं असं धरा. ११ अंशांच्या फरकाला ते २.१ पट होतं, म्हणजे गाडीतले ५ तास तळ्यातल्या साडेदहा तासांएवढे. पहिल्या बाटलीने अंधारीपेक्षा जास्त ऑक्सिजन खाल्ला होता आणि मी तिलाच 'सुरुवात' म्हणत होतो.

उपाय इतका साधा की चिडायला होतं. पाण्यातला ऑक्सिजन मोजायच्या विंकलरच्या पद्धतीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड, दोन्ही १-१ मिली, पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवून काठावरच घालायचे. बुडबुडा न राहू देता बूच लावायचं, १५-२० वेळा उलटंसुलटं करायचं. तपकिरी साका बसला की श्वसन तिथेच थांबलं. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड थोड्या वेळाने घातलं तरी चालतं. बाटली तेवढी सावलीत ठेवायची. मग २०१ मिली पाणी घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन. पिवळा रंग फिका झाल्यावरच स्टार्च. थायोसल्फेट जितके मिली लागलं तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन प्रति लिटर. ॲसिड जीपमध्ये नको म्हणून अख्खी पेटीच मागे ठेवली, हा खरा मूर्खपणा. पहिल्या दोन रसायनांच्या बाटल्यांना जीपमध्ये जागा होती.

उलट दिशेची चूकही सांगून टाकतो, ती मी केली नव्हती. कास पठाराच्या उंचीवर, बाराशे मीटरच्या आसपास, २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ७.९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. समुद्रसपाटीच्या तक्त्यात ९.१ दिसतो. तो तक्ता वापरला तर ठणठणीत तळंही धापा टाकताना दिसेल.

आता तुम्ही म्हणाल, चूक कळली, मग ठामपणे 'सोडतं' असं लिहा. तेही लिहिणार नाही. बाटलीत फक्त पाणी असतं. गाळ आणि तळाशी कुजणारा पाचोळा नसतो, आणि उथळ तळ्यात बराचसा श्वास तिथेच चालतो. काही कार्बन डायऑक्साइड तर तळ्याने बनवलेलाच नसतो, मातीतल्या झऱ्यांबरोबर आयता येतो. शिवाय कारवी सात वर्षांनी फुलून वाळते. त्या वर्षी खाली किती माल येतो, हे एका हंगामाच्या मोजणीत कसं दिसणार?

पाल्याचं म्हणाल तर पिण्याच्या तळ्यात, पाणी उचलण्याच्या जागी जाड थर साचत असेल तर काढा, तोही उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर. सबंध तळ खरवडायला गेलात तर गाळ ढवळून एका दिवसात ऑक्सिजन खाली आणाल.

आणि बाहेरचा कार्बन ओळखायचा कसा? अमेरिकेत तळ्यांमध्ये कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा जरा जड प्रकार, घालून पाहिलं, तेव्हा प्राणिप्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांच्या) अंगातला २२ ते ५० टक्के कार्बन जमिनीवरचा निघाला. निकाल २००४मध्ये आला आणि त्यावर वादही झाले. काही न घालता नुसता नैसर्गिक कार्बन-१३ मोजायचा, तर झाडांच्या पानांचं मूल्य (ठरलेल्या मानकापेक्षा दर हजारी किती कमी-जास्त ते) उणे २८च्या आसपास असतं. पण आमच्या सड्यावर झाडांपेक्षा गवत जास्त, आणि त्यातल्या बऱ्याच गवतांचं मूल्य उणे १२-१३. म्हशी ते गवत खातात आणि दुपारभर तळ्यात बसतात. त्यांनी पाण्यात टाकलेलं कुठल्या रकान्यात धरायचं, हे मात्र मला अजून कुणी विचारलेलं नाही.