तुम्ही विचारलंत म्हणून : खऱ्या हकिकती असताना कादंबरी कशासाठी?

अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटलेल्या माणसांवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा विषय निघाला की मला हमखास विचारले जाते, की या माणसांनी आपापल्या हकिकती स्वतः सांगून ठेवलेल्या असताना कल्पित लेखन वाचायचे कशासाठी? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की त्या हकिकती जिथे थांबतात, तिथेच कादंबरीचे खरे काम सुरू होते.

विल्यम आणि एलन क्राफ्ट यांचे उदाहरण घ्या. डिसेंबर 1848 मध्ये हे जोडपे जॉर्जियातल्या मेकन गावाहून निघाले आणि आगगाडी व आगबोटीने प्रवास करत नाताळच्या सकाळी फिलाडेल्फियाला पोहोचले. एलन वर्णाने इतकी गोरी होती की तिने आजारी जमीनदार तरुणाचा वेश घेतला आणि विल्यम त्या तरुणाचा गुलाम म्हणून सोबत राहिला. नाताळात मर्जीतल्या गुलामांना काही दिवसांची सुटी मिळत असे, त्यामुळे दोघे नाहीसे झाल्याचे लगेच कोणाच्या ध्यानात येणार नव्हते. गुलामांना लिहायला शिकवणे कायद्याने बंद होते आणि वाटेत नोंदवह्यांत सह्या मागितल्या जाणार होत्या, म्हणून एलनने उजवा हात गळ्यात बांधला. दाढी नसलेला चेहरा झाकावा आणि कोणी बोलण्यात गुंतवू नये म्हणून गालावर पोटीस बांधले आणि हिरवा चष्मा लावला. इतक्या बारकाईने आखलेल्या बेतात कादंबरीकाराने पाठलागाची कुत्री आणि बंदुकीचे बार घुसडले की मी पुस्तक मिटून ठेवते.

मात्र मेकनच्या स्थानकावर जे घडले त्याची गोष्ट वेगळी आहे. गाडीत एलनच्या शेजारी येऊन बसला तो तिच्या मालकाचा जुना स्नेही, आदल्याच दिवशी त्या घरी जेवून गेलेला आणि तिला लहानपणापासून ओळखणारा. त्याने हवापाण्याच्या गोष्टी काढल्या तेव्हा तिने बहिरेपणाचे सोंग घेतले आणि ती खिडकीबाहेर पाहत राहिली. हा प्रसंग आपल्याला कळतो तो विल्यमच्या तोंडून, कारण 1860 मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचा निवेदक तोच आहे. आणि विल्यम तर त्या वेळी कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या दुसऱ्या डब्यात बसलेला होता. शिवाय एलन गोरी होती, कारण तिचा पहिला मालकच तिचा बाप होता. येणारेजाणारे तिला त्या घरचेच मूल समजत, त्याचा मालकिणीला इतका राग येई की एलन 11 वर्षांची असताना तिने तिला आपल्या मुलीला लग्नाची भेट म्हणून देऊन टाकले, म्हणजे एलनला तिच्याच सावत्र बहिणीच्या मालकीत दिले. ज्या वर्णापायी लहानपणी इतका छळ सोसला, तोच वर्ण पांघरून चार दिवस गोऱ्या पुरुषांच्या पंगतीला बसताना तिला काय वाटले असेल, हे विल्यमच्या निवेदनातून पुरते उमगत नाही, आणि ते लिहिण्याचा अधिकार मी कादंबरीला आनंदाने देते.

काही मौने तर जाणूनबुजून पाळलेली आहेत. फ्रेडरिक डग्लस 3 सप्टेंबर 1838 रोजी बाल्टिमोरहून खलाशाच्या वेशात, दुसऱ्याची कागदपत्रे जवळ घेऊन निसटला. पण 1845 च्या आत्मचरित्रात त्याने ही युक्ती सांगितली नाही, कारण मदत करणारे उघडे पडले असते आणि मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली असती. ती त्याने छापली 1881 मध्ये, गुलामगिरी संपून कितीतरी वर्षे लोटल्यावर. अशा मोकळ्या जागा मनाला येईल त्या गोष्टींनी भरणे मला मान्य नाही. गोधड्यांवरच्या नक्षीतून पळणाऱ्यांना सांकेतिक खुणा दिल्या जात, ही लाडकी कथा पुष्कळ पुस्तकांत येते, पण त्या काळातला तिचा भरवशाचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही.

खरे आणि कल्पित यांची वाटणी वाटते तितकी सोपीही नाही. हॅरिएट जेकब्स उत्तर कॅरोलायनातल्या ईडंटन गावी आजीच्या घराच्या छपराखाली, 9 फूट लांब, 7 फूट रुंद आणि जेमतेम 3 फूट उंच अशा जागेत जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. टोपणनावाने 1861 मध्ये छापलेली तिची हकिकत अभ्यासकांनी दीर्घकाळ कादंबरीच मानली, आणि पत्रांच्या व कागदपत्रांच्या आधारे ती खरी ठरायला 1980 चे दशक उजाडावे लागले.

मला सर्वांत जास्त ओढ आहे ती नॅन्सीच्या कादंबरीची. तिचा नवरा हेन्री ब्राऊन 1849 मध्ये स्वतःला सुमारे तीन फूट लांबीच्या लाकडी खोक्यात बंद करवून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पार्सलाने गेला, जवळजवळ 27 तासांच्या त्या प्रवासात काही वेळ डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत, आणि त्या खोक्यासकट इतिहासात अजरामर झाला. त्याच्या आदल्या वर्षी नॅन्सीला मुलांसह विकून उत्तर कॅरोलायनाकडे चालवत नेले, तेव्हा तो तिचा हात धरून सुमारे चार मैल बरोबर चालला होता. इथून पुढे तिचे आयुष्य लिहायचे तर ते कादंबरीतच लिहावे लागेल. आणि लिहिणाऱ्याने त्याआधी रिचमंडच्या गुलामबाजाराची कागदपत्रे आणि तिकडच्या शेतमळ्यांवरचे रोजचे काम नीट अभ्यासावे, एवढीच माझी अट आहे.