नारळाला डोळे असतात

अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसाची सहल ठरलेली असते. आधी सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, लाइट अँड साउंड शो, भरून आलेले डोळे आणि मग उरलेले दिवस समुद्रकिनारे. आमचंही तसंच झालं. फरक एवढाच की माझ्यासोबत आई होती आणि आईचं माहेर गुहागरचं.

तिसऱ्या दिवशी बोटीनं शहीद द्वीपावर आलो. 2018 पर्यंत याचं नाव नील होतं आणि बोटीवरचे लोक अजून नीलच म्हणतात. बेट लहानसं. शेती करणारी वस्ती बहुतेक बंगाली आणि किनाऱ्यांची नावं रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. लक्ष्मणपूरला दुपारी ओहोटी लागलेली, पाणी पार लांब गेलेलं. पांढरी वाळू, मागे माड, माणूस जवळजवळ नाहीच. मी एका वाकड्या माडाखाली टॉवेल अंथरला.

"ऊठ तिथनं. वर बघितलंस का?"

वर सात-आठ नारळ लोंबत होते. "नारळाला डोळे असतात, तो बघून पडतो, असं तूच सांगायचीस ना?"

"आमच्या वाडीतल्या नारळाला असतात. हे माड आपल्याला ओळखतात का?"

उठलो. कोकणातला माणूस माडाखाली बसत नाही, माडाकडे बघत बसतो. पोय म्हणजे फुलोरा कितवा, पाडेली शेवटचा कधी चढला असेल, सुक्या झावळ्या कुणी उतरवल्या का नाहीत. कॅलेंडरवाल्यांना माडाचं जे वाकणं दिसतं, ते आईला दिसतच नाही. तिला नारळ दिसतात.

आदल्या दिवशी जेलमध्येही असंच झालं होतं. गाइड कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, दाखवत होता. बैलाच्या जागी माणसाला जुंपायचं आणि दिवसाला 30 पौंड खोबरेल काढून घ्यायचं. कुणाला नारळाची सोडणं कुटून काथ्या काढायचं काम. घोळक्यातल्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आई कोरडी. मला जरा रागच आला. रात्री हॉटेलात दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला, "30 पौंड म्हणजे साडेतेरा किलो ना रे? त्याला दीडशे नारळ तरी लागतील." थोड्या वेळानं, "आपले वीस-बावीस माड महिनाभर मिळून तेवढे देतात. आणि तेल काढायला आपण घाण्यावर पाठवतो." मग कितीतरी वेळ तिच्या कुशी बदलण्याचा आवाज येत राहिला.

तर लक्ष्मणपूर. वाटेवरच्या टपरीत शहाळं घेतलं. विकणारी बाई त्याला डाब म्हणत होती. पाणी पिऊन झाल्यावर तिनं कोयत्याच्या एका घावात सालीचाच चमचा करून दिला आणि आईचा चेहरा असा फुलला, की जणू माहेरचं माणूस भेटलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी खोबरं जून आहे की कोवळं, यावर दहा मिनिटं बोलणं झालं.

डिसेंबरात इथे पाचलाच सूर्य बुडतो. घड्याळ आपलंच, पण बेटं फार पूर्वेला. चार-पाच जोडपी मोबाइल सरसावून उभी राहिली. मीही उभा राहिलो आणि मागे पाहतो तर आई नाही.

ती भरतीच्या रेषेवर ओणवी. लाटेबरोबर आलेला एक नारळ तिला सापडला होता, हिरवा कोंब वीतभर वर आलेला. शंख-पोवळी इथून उचलायला बंदी, हे तिला ठाऊक होतं. पण नारळ तिला न्यायचा नव्हताच, लावायचा होता. वहाणेनं ती वाळू उकरत होती.

"आई, सूर्य..."

"थांब रे. हा माड फार जवळ आहे. पंचवीस फूट तरी अंतर हवं."

नारळ माझ्या हातात देऊन ती पावलं मोजत किनाऱ्यानं निघाली. मी तो कोंब सांभाळत मागोमाग.